हरिहरने आणलेली साडी : ‘अपू त्रयी’च्या ब्लू-रे संचाचे परीक्षण

क्रायटेरियन कलेक्शन या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने नोव्हेंबर 2015 मध्ये काढलेला ‘अपू त्रयी’चा ब्लू-रे संच गेल्या पावसाळ्यात माझ्या हाती आला. ‘पथेर पांचाली’ (1955), ‘अपराजितो’ (1956) आणि ‘अपूर संसार’ (1959) हे सत्यजित राय यांचे तीन चित्रपट तीन तबकड्यांवर, सोबत मुलाखती, ध्वनिमुद्रणे, लघुपट आणि एक पुस्तिका, असा हा ऐवज आहे. संच उघडला तेव्हा मी तबकडी सुरुवातीपासून लावली नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ‘पथेर पांचाली’च्या शेवटाकडचा, जेमतेम चार-पाच मिनिटांचा एक प्रसंग मी आधी काढला, दिवे मालवून तो पाहिला आणि त्यानंतरच चित्रपट पहिल्यापासून पाहायला बसले. या प्रसंगामुळेच मी राय यांच्या चित्रपटांकडे ओढली गेले आणि चाळीसेक वर्षे तिथेच राहिले. तो प्रसंग या तबकडीवर नीट दिसत आणि ऐकू येत नसेल, तर बाकीच्या सगळ्या सजावटीचा मला काही उपयोग नव्हता.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो मिरजेला, आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत. त्या काळी रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक भाषांतले चित्रपट दाखवत असत, खाली इंग्रजी उपशीर्षके असत, आणि जेवणानंतरच्या सुस्तीत घरातली माणसे समोर जे चालू असेल ते पाहत असत. मी चौदा वर्षांची होते. चित्रपट पाहिला म्हणण्यापेक्षा तो समोर चालू होता म्हणणे खरे ठरेल. मी वहीला कव्हर घालत होते आणि आई सूप पुढ्यात घेऊन घेवड्याच्या शेंगा मोडत होती. बंगालातले एक पडके घर, एक म्हातारी, दुर्गा नावाची एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ अपू, एवढे ध्यानात आले होते. दुर्गा पावसात भिजते, तापाने फणफणते आणि वादळाच्या रात्री मरते, हेही मी पाहिले; वाईट वाटले, पण तेवढेच. चित्रपटात मुले मरतात आणि आपल्याला वाईट वाटते, याची तोवर मला सवय झालेली होती.

नंतर या मुलांचा बाप हरिहर घरी परततो. पोटापाण्यासाठी तो कित्येक महिने परगावी आहे आणि घरी काय घडले याचा त्याला पत्ता नाही. वादळाने पडलेली भिंत पाहून तो हळहळतो, मुलांना हाका मारतो. त्याची बायको सर्वजया बाहेर येते, त्याच्यासाठी पाणी ठेवते, एक शब्द बोलत नाही. तो आपला आनंदात पिशवी उघडतो आणि आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवू लागतो : पोळपाट-लाटणे, लक्ष्मीची तसबीर, आणि मग एक साडी, दुर्गासाठी. ती साडी तो सर्वजयेच्या हाती देतो. ती साडी घेते, तोंडाशी दाबते आणि कोसळते. तिचे तोंड रडण्यासाठी उघडलेले दिसते. परंतु त्यातून जो आवाज येतो, तो माणसाचा नसतो. उंच स्वरात फाटत जाणारी एक सुरावट येते आणि पडदा भरून टाकते. हरिहरला त्या क्षणी कळते.

आईने सूप बाजूला सरकवले होते. मी वही कधी खाली ठेवली ते मला आठवत नाही. तो आवाज मात्र पुढची कित्येक वर्षे माझ्या कानात राहिला, आणि तो कशाचा आहे हे मला सांगता येत नव्हते. मिरजेत वाढलेल्या मुलीला वाद्ये नवीन नसतात. सतारी आणि तंबोरे करणाऱ्या कारागिरांची दुकाने आमच्या रोजच्या वाटेवर होती, घोटून वाळत ठेवलेले भोपळे आम्ही जाता-येता पाहत होतो. तरीही तो आवाज सनईचा, तारेचा की त्या बाईच्याच गळ्यातला, हे मला ठरवता येईना. घरच्या दूरचित्रवाणी संचाच्या लहानशा कर्ण्यातून तो इतका चिरकत आला होता की दीर्घकाळ मी असेच समजत होते, की ती किंकाळीच आहे आणि प्रत जुनी असल्यामुळे तशी वाजते.

ते वाद्य तारशहनाई होते. दिलरुब्याच्या कुळातल्या इसराज या गजाने वाजवायच्या तंतुवाद्याला ग्रामोफोनसारखा धातूचा कर्णा जोडला की तारेचा आवाज सनईसारखा टोकदार होतो. नावात तार आणि शहनाई दोन्ही आहेत ती त्याचमुळे. दक्षिणामोहन टागोर यांनी ते वाजवले आहे, राग पटदीप आहे, आणि संगीत पंडित रविशंकर यांचे आहे. रविशंकरांना वेळ नव्हता, म्हणून पार्श्वसंगीताचा बहुतेक भाग सुमारे अकरा तासांच्या एकाच बैठकीत मुद्रित झाला. सर्वजयेच्या भूमिकेतल्या करुणा बंद्योपाध्याय यांचा आक्रोश काढून टाकून त्या जागी ही सुरावट ठेवण्याचा निर्णय राय यांचा. हे सारे मला पुढे वाचून कळले. तथापि कळणे निराळे आणि कानांनी ऐकणे निराळे, आणि या संचाची पहिली मोठी थोरवी मला इथेच जाणवली. तबकडीवरचा ध्वनी मूळचाच, म्हणजे एकपदरी आहे. तो फुगवून चारही दिशांना पसरवण्याचा मोह टाळला आहे आणि दाबून लहानही केलेला नाही. तारेवर गज घासला जातो त्याची खरखर त्यात ऐकू येते. ती खरखर ऐकू आल्यावर हा आवाज यंत्राचा दोष नव्हता, हे चाळीस वर्षांनी माझ्या कानांनी मान्य केले.

त्याहून महत्त्वाचे आहे ते त्या सुरावटीच्या आधीचे. दूरदर्शनवर तो सारा भाग घरघरीत बुडून गेला होता. इथे हरिहर बोलत असताना सर्वजयेचे गप्प राहणे ऐकू येते, म्हणजे तिच्या भोवतीचे बारीकसारीक आवाज ऐकू येतात आणि त्यांत तिचा आवाज नाही हे कळते. तो एकेक वस्तू काढतो आहे आणि प्रेक्षकाला ठाऊक आहे की पुढची वस्तू दुर्गाची असणार. गोष्ट इथे काहीही लपवत नाही, उलट सगळे माहीत असलेल्या प्रेक्षकाला काहीही माहीत नसलेल्या बापासमोर बसवते आणि वाट पाहायला लावते. धक्का देऊन प्रेक्षकाला आपलेसे करणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात आणि त्यांचा असर दुसऱ्या वेळी निम्मा होतो. या प्रसंगात धक्का नाहीच. म्हणून मी तो विसाव्या वेळी पाहते तेव्हाही साडी पिशवीतून बाहेर येण्याआधी माझा श्वास अडकतो.

आणि हा प्रसंग एकटा उभा राहू शकत नाही, हेही या वेळी मला स्पष्ट दिसले. दुर्गा गेल्यावर राय लगेच हरिहरकडे वळत नाहीत. आधी अपू दिसतो. तो पाण्याकाठी एकटाच दात घासतो, आपले केस आपणच विंचरतो, बाहेर पडताना आभाळाकडे पाहतो आणि परत फिरून छत्री घेऊन येतो. चित्रपटाच्या पूर्वार्धात हेच केस त्याची आई आणि बहीण विंचरत होत्या. शाळेच्या पहिल्या दिवशी पांघरुणाच्या भोकातून उघडलेला त्याचा एक डोळा दुर्गानेच आपल्याला दाखवला होता. बहिणीच्या मरणाविषयी तो मुलगा एक अक्षर बोलत नाही आणि छत्री घ्यायला वळतो, एवढ्यावरून तो मोठा झाल्याचे आपल्याला कळते. चौदाव्या वर्षी यातले काहीही मला उमगले नव्हते. पण आता वाटते की न उमगताही ते माझ्या आत साठत गेले असणार, आणि म्हणूनच साडी आली तेव्हा मी तयार होते. सहज समोर बसलेला प्रेक्षक चाहता होतो तो एका क्षणात, हे खरे. परंतु त्या क्षणासाठी लागणारा सारा माल गोष्टीने त्याच्या नकळत दीड-दोन तास त्याच्या घरात आणून ठेवलेला असतो.

आता चित्राविषयी, आणि त्यासाठी या तबकड्या कशातून उभ्या राहिल्या ते सांगणे आवश्यक आहे. 1992 मध्ये राय यांना अमेरिकी चित्रपट अकादमीने सन्माननीय ऑस्कर दिले तेव्हा त्यांच्या चित्रपटांच्या प्रतींची हलाखी उघड झाली. मूळ निगेटिव्ह दुरुस्तीसाठी लंडनच्या हेंडरसन्स प्रयोगशाळेत पाठवण्यात आल्या आणि जुलै 1993 मध्ये त्या प्रयोगशाळेला आग लागली. जळून, वितळून, कोळपून जे उरले ते त्या काळच्या कोणत्याही यंत्रावर चढवण्याच्या पलीकडे गेलेले होते. पण अकादमीच्या संग्रहालयाने ते फेकून दिले नाही, जपून ठेवले. त्यानंतर वीस वर्षांनी, 2013 मध्ये, हे अवशेष इटलीतील बोलोन्या शहरातल्या ‘लिम्माजिने रित्रोवाता’ या दुरुस्ती-प्रयोगशाळेकडे गेले. तिथल्या तंत्रज्ञांनी वाळून ठिसूळ झालेल्या फिल्मला पुन्हा ओलावा दिला, चिकटलेले मेण, डिंक आणि वितळलेली पट्टी हाताने सोडवली, कडेची दातेरी छिद्रे नव्याने बांधली. हे हातकाम जवळजवळ एक हजार तासांचे होते. एवढे करून ‘पथेर पांचाली’च्या मूळ निगेटिव्हचा सुमारे 40 टक्के आणि ‘अपराजितो’चा 60 टक्क्यांहून अधिक भाग वापरता आला. ‘अपूर संसार’ची उरलेली रिळे वापरता येण्याच्या पलीकडे गेलेली होती, म्हणून तो चित्रपट जगभरच्या संग्रहालयांत जपलेल्या इतर उत्तम प्रतींवरून उभा करावा लागला, आणि पहिल्या दोन चित्रपटांतली रिकामी ठिगळेही तशाच प्रतींनी भरली गेली.

हे सारे संचातल्या कोगोनाडा यांच्या छोट्या लघुपटात दिसते. त्यात जळक्या रिळांच्या कडा पाहिल्यावर मला काही वेळ पुढे पाहवेना. आपल्याकडे एखादी पोथी वाळवीच्या तोंडून सोडवावी आणि उरलेल्या पानांवरून ओव्या जुळवाव्यात, तशा जातीचे हे काम आहे, आणि ते करणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांना त्या चित्रपटाची भाषाही येत नसावी.

त्यांच्या श्रमांचे फळ पडद्यावर काय दिसते? ‘पथेर पांचाली’तला पहिला पाऊस घ्या. तळ्याच्या पाण्यावर धावणारे किडे, कमळाची पाने, गळ टाकून बसलेल्या टकलू गृहस्थाच्या डोक्यावर पडणारा पहिला थेंब : हे दृश्य माझ्या आठवणीत करड्या रंगाचा एक पट्टा होते. इथे पाण्याच्या पृष्ठभागाला ताण आहे, किड्याच्या पायाखाली तो किंचित दबतो ते दिसते. चित्रीकरण करणारे सुब्रत मित्र त्या वेळी एकवीस वर्षांचे होते आणि त्यांनी आधी कधीही चित्रपटाचा कॅमेरा हाताळलेला नव्हता, हे लक्षात घेतले तर ही दृश्ये पाहताना हात जोडावेसे वाटतात. इंदिर ठाकरूनच्या भूमिकेतल्या चुनीबाला देवींचा सुरकुतलेला चेहरा तर आता एखाद्या भूगोलाच्या नकाशासारखा वाचता येतो. ती म्हातारी रात्री एकटी बसून, दिवस सरला, सांज झाली, आता मला पैलतीराला ने, असे हरीला विनवणारे पद गाते. बंगाली न येणाऱ्या मराठी माणसालाही ते उपशीर्षकांवाचून कळते, कारण ती विनवणी आपल्याही आजीच्या तोंडी होती.

काश नावाच्या गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांतून पलीकडे जाणारी आगगाडी, हे या चित्रपटाचे सर्वांत प्रसिद्ध दृश्य. ऑक्टोबर 1952 मध्ये चित्रीकरणाची सुरुवातच या जागेपासून झाली. आठवड्याने मंडळी परत गेली तेव्हा गुरांनी सारे गवत खाऊन टाकलेले होते आणि पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागले. या तबकडीवर गवताचा तुरा न तुरा वेगळा हलतो. दुर्गा तारेच्या खांबाला कान लावते तेव्हा येणारा गुणगुणता आवाज मी पूर्वी कधी धडपणे ऐकला नव्हता. पुष्कळ रसिक सांगतात की त्यांना या चित्रपटाने धरले ते इथे, आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. मला स्वतःला ती गाडी तेव्हाही आवडली होती, पण तिने मला वही खाली ठेवायला लावली नव्हती.

चित्रात सांधे अजिबात दिसत नाहीत, असे म्हणता येणार नाही. काही ठिकाणी लागोपाठच्या दोन दृश्यांत फरक जाणवतो. एकात कापडाचा पोत दिसतो आणि दुसऱ्यात तोच पोत किंचित मऊ होतो, काळा रंग जरा फिका पडतो. मूळ निगेटिव्ह कुठे संपली आणि पर्यायी प्रत कुठे सुरू झाली, याचा तो माग आहे. तो खोडून काढण्यासाठी संगणकाने सारे चित्र घासून गुळगुळीत करता आले असते. तसे केलेले नाही, फिल्मचा दाणा राहू दिला आहे, आणि हा निर्णय मला मनापासून पटला.

‘अपराजितो’ ही या संचातली माझ्या मते सर्वांत उजळ निघालेली तबकडी आहे. वाराणसीचे घाट, पहाटेची कबुतरे, आणि हरिहरच्या घराच्या अंगणात वरून झिरपणारा छायाहीन प्रकाश : तो प्रकाश खरे तर स्टुडिओतल्या नेपथ्यावर ताणलेल्या कापडावरून दिवे परावर्तित करून सुब्रत मित्र यांनी निर्माण केलेला आहे. आता तो इतक्या स्वच्छपणे दिसत असूनही घर खोटे वाटत नाही, ही नेपथ्यकार बंसी चंद्रगुप्त यांची किमया. हा चित्रपट कलकत्त्यात फारसा चालला नाही. शिकायला शहरात गेलेल्या मुलाला आईचे प्रेम ओझे वाटू लागते, हे तिथल्या प्रेक्षकांना रुचले नव्हते. व्हेनिसच्या महोत्सवात 1957 साली त्याला सुवर्णसिंह मिळाला आणि तिथेच एका प्रश्नाला उत्तर देताना राय यांनी त्रयीचा विचार जाहीर केला. आजही तीनही चित्रपटांत सोसायला अवघड असा हाच आहे. दाराबाहेर झाडाला टेकून गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसलेली सर्वजया, आणि तिच्यासमोर काळोखात लुकलुकणारे काजवे, हे दृश्य पूर्वी मला केवळ सुंदर वाटत असे. मुले नोकरीसाठी दूर गेल्यानंतर मी ते आता पाहिले.

‘अपूर संसार’बद्दल थोडक्यात. सौमित्र चट्टोपाध्याय आणि शर्मिला टागोर या दोघांचाही हा पहिला चित्रपट, आणि त्यांच्या छोट्याशा संसाराचे प्रसंग इतके ताजे आहेत की जुन्या प्रतींच्या धुरकटपणामुळे आपण काय गमावत होतो, ते इथे समजते. मूळ निगेटिव्हचा तुकडाही वापरता आलेला नसताना चित्र इतके खंबीर यावे, याचे आश्चर्य वाटते.

पूरक साहित्य भरपूर आहे, पण सारखे मोलाचे नाही. 1958 साली मुद्रित केलेल्या, राय यांच्या स्वतःच्या आवाजातल्या ध्वनिफिती मला सर्वांत मौल्यवान वाटल्या : एकीत ते पहिल्या चित्रपटाच्या जडणघडणीवरचा आपला निबंध वाचतात, दुसरीत चित्रपट-अभ्यासक गिडीऑन बाखमान यांच्याशी बोलतात. पैसे संपल्याने काम कसे थांबत गेले आणि अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या मदतीने चित्रपट कसा पुरा झाला, ही हकिकत पुस्तकांतून अनेकांनी वाचली असेल. इथे ती खर्जातल्या, न चढणाऱ्या आवाजात आहे. कॅमेरा-साहाय्यक सौमेंदू राय, सौमित्र चट्टोपाध्याय आणि शर्मिला टागोर यांच्या मुलाखती आहेत. त्यांतले सौमित्र 2020 मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे बोलणे आता अधिकच जपून ऐकावेसे वाटते. रविशंकरांच्या आठवणी 2003 च्या एका माहितीपटातून घेतलेल्या तुकड्यात आहेत, आणि मला वाटते तो तुकडा याहून लांब हवा होता. मामून हसन यांचे विवेचन मार्मिक आहे. पुस्तिकेतले दोन निबंध चांगले आहेत, पण राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी काढलेली रेखाटने पाहिल्यावर निबंधांकडे परत जायला मन घेत नाही, प्रत्येक दृश्य त्यांनी आधी कागदावर पाहिले होते.

मला खटकलेल्या गोष्टी दोन-तीनच आहेत, पण विकत घेणाऱ्याला त्या माहीत हव्यात. पहिली म्हणजे या तबकड्या ब्लू-रेच्या ‘ए’ विभागासाठी, मुख्यतः उत्तर अमेरिकेसाठी बनलेल्या आहेत, आणि भारत ‘सी’ विभागात मोडतो. आपल्याकडे विकत घेतलेल्या साध्या प्लेअरवर त्या चालत नाहीत. सर्व विभागांच्या तबकड्या वाजवणारा प्लेअर घरात नसेल तर आधी त्याची सोय करावी लागेल. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना ही अडचण येणार नाही. भारतीय चित्रपटांचा इतका उत्तम संच भारतातल्या यंत्राला चालत नाही, याचे मला दुःख आहे आणि ते मी लपवत नाही. दुसरी गोष्ट किमतीची. मूळ किंमत शंभर डॉलरच्या आसपास, त्यावर वाहतूक आणि सीमाशुल्क, म्हणजे मध्यमवर्गीय घराला विचार करायला लावणारी रक्कम होते. तिसरी, उपशीर्षके फक्त इंग्रजी आहेत. ती चांगली आहेत, परंतु बहीण-भावांच्या, नवरा-बायकोच्या बोलण्यातली जवळीक त्यांत उतरत नाही. मराठी प्रेक्षकाला माझी सूचना आहे की दुसऱ्या वेळी ती बंद करून पाहावे. ओळखीचे शब्द कानाला इतके लागतात की चित्रपट अर्धा तरी आपल्या भाषेतच चालल्यासारखा वाटतो. पुढे याच संचाची अधिक तपशीलवार चित्राची फोर-के आवृत्तीही निघाली आहे. मी मात्र ब्लू-रे संचाविषयीच बोलते आहे.

संचाची खरी परीक्षा मी माझ्यावर करू शकत नव्हते, कारण मी आधीच जिंकली गेलेली होते. ती माझ्या एकोणीस वर्षांच्या भाचीवर झाली. पुण्याला परत जाण्याची तिची गाडी पावसामुळे रद्द झाली आणि संध्याकाळ मोकळी होती, म्हणून ती माझ्याबरोबर बसली. राय यांचे नाव तिने ऐकले होते, त्यापलीकडे काही नाही. मी तिला काहीही सांगितले नाही. पहिला अर्धा तास ती अधूनमधून उठत होती. साडीचा प्रसंग आला तेव्हा मी चोरून तिच्याकडे पाहत होते, हे मला कबूल केले पाहिजे. ती स्तब्ध होती, पण चौदाव्या वर्षी मला झाले तसे तिला काही झालेले दिसले नाही.

त्यानंतर घरची मंडळी गाव सोडण्यासाठी सामानाची बांधाबांध करतात. अपू वरच्या फळीवरून एक वाटी काढतो आणि तिच्यात त्याला ती माळ सापडते, जी चोरल्याचा आळ दुर्गावर आला होता आणि जी आपण घेतली नाही असे तिने सांगितले होते. तो क्षणभर माळेकडे पाहतो, धावत जातो आणि ती तळ्यात टाकतो. पाण्यावरचे शेवाळे फाटून एक काळे वर्तुळ होते आणि मग हळूहळू, सर्व बाजूंनी, पुन्हा मिटत येते. जुन्या प्रतीत ते मिटणे अंधुकच दिसत असे. इथे पाण्यावरचे बारीक कण एकमेकांकडे सरकताना दिसतात आणि शेवटचा काळा ठिपका बुजेपर्यंत कॅमेरा हलत नाही.

भाची म्हणाली, “मावशी, थांब. मागे घे.” मी मागे घेतले. तिने ते पुन्हा पाहिले, आणि मग विचारले, “त्याने कुणालाच सांगितलं नाही, ना?” मी नाही म्हटले. “म्हणजे आता हे फक्त त्याला आणि आपल्यालाच माहीत आहे.” एवढे बोलून ती गप्प झाली. त्या रात्री आम्ही ‘अपराजितो’ही पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी गाडीची वेळ होण्याआधी ‘अपूर संसार’. माझा क्षण तिचा झाला नाही. तिला तिचा वेगळा मिळाला, माझ्याहून दहा मिनिटे पुढे, आणि तो पाण्यावरच्या शेवाळ्याइतका बारीक होता. प्रत धूसर असती तर तो तिला मिळालाच नसता, असे माझे ठाम मत आहे, आणि एवढ्या एका कारणासाठीही मी या संचाची किंमत वाजवी मानते.

ज्यांनी हे चित्रपट पूर्वी दूरचित्रवाणीवर किंवा एखाद्या चित्रपट-मंडळाच्या झिजलेल्या प्रतीवर पाहिले असतील, त्यांनी हा संच निःशंकपणे घ्यावा. ज्यांनी ते मुळीच पाहिलेले नाहीत, त्यांच्यापुढे तर मी हात जोडते : पहिल्या तबकडीवरच्या मुलाखती, विवेचने आणि पुस्तिका आधी उघडू नयेत, कारण त्यांत जवळपास प्रत्येक जण साडीविषयी बोलतो. आवाज पुरेसा मोठा ठेवावा आणि शक्य असेल तर दूरचित्रवाणी संचाच्या स्वतःच्या कर्ण्याऐवजी बरे ध्वनिक्षेपक जोडावेत. तारशहनाईच्या आधी जी शांतता आहे, ती लहान कर्ण्यातून ऐकू येत नाही.